शिरावरील अर्बुद : निदानविद्येच्या इतिहासातील एक प्रकरण

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा मार्ग ज्या ठिकाणी नर्मदा ओलांडतो, ते ठिकाण तिलवारा. इतिहासाच्या अभ्यासकास हे नाव दोन कारणांनी परिचित आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि १९४८ च्या १२ फेब्रुवारीस महात्माजींच्या अस्थींचा एक अंश येथील घाटावर नर्मदेत विसर्जित झाला. यांपैकी पहिल्या प्रसंगाचा आमच्या आजच्या विषयाशी दूरचा का होईना, संबंध आहे. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने फणफणत होते व त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले. तो आजार खरा की राजकीय, अशी कुजबूज विरोधकांत झाली. अधिवेशनानंतर सुभाषबाबूंनी 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात आपल्या त्या विचित्र आजारावर एक लेखच लिहिला. पुढे १९५५ साली जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि कालांतराने त्यास नेताजींचेच नाव मिळाले. ज्याच्या आजाराविषयी संशय घेतला गेला, त्याच्याच नावाने आज येथे रोगनिदान शिकविले जाते, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

तिलवाऱ्याचा आमच्या विषयाशी दुसरा संबंध अगदी साधा आहे. घाटावर क्षौर होते. एरवी केसांखाली, टोपीखाली किंवा पदराखाली झाकलेले मनुष्याचे मस्तक येथे उघडे होते. आप्ताच्या मृत्यूनंतर मुंडन करून घेणाऱ्या प्रौढ गृहस्थाच्या टाळूवर कोणता डाग आहे, कानामागे कोणती गाठ आहे, हे त्याच्या पत्नीस ठाऊक नसते, त्यास स्वतःस तर नसतेच. ते प्रथम दिसते ते वस्तरा चालविणाऱ्या नाभिकास. शरीराचा जो भाग आपण सर्वांत मानाचा समजतो, ज्यावर पगडी चढवितो, अक्षता टाकतो, आशीर्वादाचा हात ठेवतो, तोच भाग आपण स्वतः कधी पाहत नाही. या न पाहण्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. शिरावरील त्वचेचे दुर्मिळ कर्करोग मनुष्याने कसकसे ओळखले, त्या ओळखीत आपल्या लोकांचा वाटा कोणता, आणि गावोगाव बदल्यांवर फिरणाऱ्या आमच्यासारख्या नोकरपेशा माणसांनी त्यातून काय घ्यावे, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

शिराची त्वचा ही काही साधी त्वचा नव्हे. ती जाड असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, आणि केसांची मुळे, स्निग्ध पदार्थ स्रवणाऱ्या ग्रंथी व घर्मग्रंथी यांची तीत गर्दी असते. जेथे वस्ती दाट आणि नाना व्यवसायांची, तेथे गुन्ह्यांचे प्रकारही नाना असावयाचे. या प्रत्येक घटकापासून एखादे अर्बुद उद्भवू शकते. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. आपल्या घरांत ज्यास 'आवाळू' म्हणतात ती केसांच्या मुळाशी होणारी गोल, टणक गाठ कित्येक वृद्ध जन्मभर डोक्यावर वागवितात आणि सुखाने मरतात. परंतु घोटाळा येथेच आहे. दुर्मिळ आणि घातक गाठ स्वतःच्या वेषात येत नाही, ती आवाळूच्या, खवड्याच्या, मुक्या माराच्या किंवा साध्या टकलाच्या वेषात येते. दहा वेळा जे आवाळू असते, ते अकराव्या वेळी आवाळू नसते, आणि पहिल्या दहांच्या अनुभवाने निश्चिंत झालेली नजर अकराव्यास चुकते.

आपल्या जुन्या वैद्यांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांची चर्चा एकाच अध्यायात येते. अर्बुद म्हणजे वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे मांसोपचयाचे रूप, असे त्याचे वर्णन आहे. एका अर्बुदावर दुसरे उद्भवते, किंवा एकाच वेळी दोन उद्भवतात, त्यांस निराळी नावे देऊन ती असाध्य ठरविली आहेत. न पिकणे हे लक्षण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. गळू आणि अर्बुद यांतील भेद यापेक्षा थोडक्या शब्दांत सांगणे कठीण. परंतु हाताला आणि डोळ्याला जेवढे कळते तेवढ्यावरच ही विद्या थांबली होती. गाठीच्या पोटात काय आहे, हे पाहण्याचे साधनच तेव्हा जगात कोणापाशी नव्हते.

ते साधन युरोपात एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. बर्लिनच्या योहान्नेस म्यूलर याने १८३८ साली अर्बुदांची सूक्ष्मदर्शकाखालील रचना प्रसिद्ध केली. त्याचाच शिष्य रुडॉल्फ फिरखो याने १८५८ साली सारी विकृती अखेर पेशींची विकृती होय, हा सिद्धांत मांडला. फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेस्न्ये याने जिवंत रोग्याच्या शरीरातील तुकडा काढून तपासण्याच्या क्रियेस १८७९ साली 'बायॉप्सी' हे नाव दिले. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून काढलेला निळा-जांभळा रंग आणि ईओसिन नावाचा कृत्रिम गुलाबी रंग, या दोहोंच्या साह्याने पेशींचे केंद्र व शरीर वेगळे दिसू लागले. दीडशे वर्षे होत आली, तरी आजही जगातील बहुतेक कर्करोगांचे पहिले निदान याच दोन रंगांवर होते.

मराठी वाचकास या क्रांतीचे मर्म आपल्या इतिहाससंशोधनाच्या उदाहरणाने चटकन पटेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यापूर्वी आपला इतिहास मुख्यतः बखरींवर उभा होता. बखर खोटीच असते असे नव्हे. ती पुष्कळदा खरी असते, परंतु ती ऐकीव असते. राजवाडे यांनी बखरीपुढे अस्सल कागद ठेवला. निदानविद्येतही तेच झाले. रोग्याने सांगितलेली हकीकत आणि वैद्याच्या बोटांनी चाचपलेली गाठ ही बखर होय, काचेच्या पट्टीवर रंगवून ठेवलेला ऊतकाचा पातळ काप हा अस्सल कागद होय. दोन्हींची गरज आहे, पण वाद पडल्यास निकाल कागदावर लागतो.

शिरावरील अर्बुदांच्या इतिहासातील एक विलक्षण नोंद या क्रांतीच्या उंबरठ्यावरचीच आहे. १८४२ साली हेन्री अँसेल या इंग्रज वैद्याने एका कुटुंबात चालत आलेल्या अशा गाठींचे वर्णन केले, की ज्या वाढत वाढत सारे मस्तक व्यापतात. या गाठींनी झाकलेले डोके पागोटे घातल्यासारखे दिसते, म्हणून त्यांस पुढे 'पागोट्याची गाठ' अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. त्यानंतर बिलरोट याने सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या नळकांड्यांसारख्या रचनेवरून तीस शास्त्रीय नाव दिले. या गाठी बहुधा सौम्य असतात, क्वचितच त्यांतील एखादी घातक वळण घेते. त्या ज्या जनुकाच्या दोषाने होतात तो जनुक सापडला २००० साली. म्हणजे डोळ्यास दिसणारे रूप, भिंगाखालील रूप आणि वंशातील कारण, या तीन पायऱ्या चढण्यास मनुष्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. हिंदुस्थानात पागोटे घालणाऱ्यांची संख्या कोट्यवधी होती, पण पागोट्याच्या नावाने ओळखली जाणारी ही व्याधी प्रथम नोंदली गेली ती पागोटे न घालणाऱ्यांच्या देशात.

आमच्या देशातील नोंदीची कथा मात्र वेगळ्या बाजूने सुरू होते, आणि ती अभिमानास्पद आहे. १७७५ साली पर्सिव्हल पॉट याने लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग दाखवून दिला होता. व्यवसाय आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारी ती पहिली महत्त्वाची नोंद. १८६६ साली काश्मिरात काम करणाऱ्या डॉ. एल्मस्ली यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिले की, काश्मिरी लोक थंडीत फेरणाखाली पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात आणि त्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग या उष्णतेशी संबद्ध आहे. येथे चालीरीत हीच निदानाची किल्ली झाली.

ही किल्ली पुढे ज्या हातांनी समर्थपणे वापरली ते हात मराठी होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ सालचा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. मिळवून ते स्वदेशी परतले. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ च्या फेब्रुवारीत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक, आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, तो यथार्थ आहे.

१९४५ साली खानोलकर व त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी एका अमेरिकी विकृतिशास्त्रीय नियतकालिकात चालीरीतींशी निगडित अशा, भारतात आढळणाऱ्या तीन नव्या कर्करोगप्रकारांवर निबंध लिहिला. त्यांतील एक 'धोतराचा कर्करोग' या नावाने जगाच्या वैद्यकग्रंथांत गेला. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसलेले धोतर, त्याखाली साचणारा घाम व होणारे घर्षण, प्रथम काळवंडलेली, मग जाड झालेली, मग न भरणारी जखम झालेली त्वचा, आणि शेवटी कर्करोग, ही परंपरा त्यांनी दाखविली. पुढे परकराच्या नाडीखाली होणाऱ्या तशाच व्याधीची नोंद आपल्याकडील वैद्यांनी केली. खानोलकरांच्या पद्धतीचे मर्म असे की, ऊतकाचा तुकडा भिंगाखाली पाहत असताना त्यांनी तो तुकडा ज्या माणसाचा होता त्याचे नेसणे, खाणे, ओढणे आणि राहणे दृष्टीआड होऊ दिले नाही. कागद अस्सल असला तरी तो कोणत्या दप्तरातील आहे हे ठाऊक नसल्यास त्याचा अर्थ अर्धाच लागतो.

शिराच्या बाबतीत या तत्त्वाचे सर्वांत विदारक उदाहरण विसाव्या शतकाने पुरविले. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १९०४ साली, पॅरिसच्या साबूरो याने मुलांच्या डोक्यातील खवड्यांवर क्ष-किरणांची मोजकी मात्रा देण्याची पद्धत बसविली. किरण दिल्यावर काही आठवड्यांत सारे केस गळत, त्यांबरोबर बुरशी जाई, आणि पुन्हा केस उगवत. उपाय रामबाण ठरला व अनेक देशांत हजारो मुलांवर झाला. १९५८ च्या सुमारास ग्रीझिओफल्व्हिन हे तोंडाने घेण्याचे औषध आले, आणि ही पद्धत मागे पडली. परंतु ज्यांच्या डोक्यांवर बालपणी किरण पडले होते, त्यांपैकी कित्येकांच्या शिरावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी त्वचेचे कर्करोग उगवले. रोगी तोवर तो उपचार विसरलेला, आईबाप निवर्तलेले, दवाखान्याची दप्तरे नष्ट झालेली. 'लहानपणी डोक्यावर काही उपचार झाले होते काय?' हा एक प्रश्न विचारणारा वैद्य भेटला तरच धागा जुळावयाचा. आपल्याकडे भाजल्याच्या जुन्या व्रणांची गोष्ट अशीच आहे. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलँ याने १८२८ साली वर्णिलेल्या व्रणावरून अशा कर्करोगास त्याचे नाव मिळाले. बालपणी डोके भाजून राहिलेला, केस नसलेला, अधूनमधून चिघळणारा वण चाळिशीत, पन्नाशीत कर्करोगाचे बीज धरू शकतो. आपल्या देशात त्वचेतील कृष्णद्रव्यामुळे सूर्यकिरणांपासून पुष्कळ संरक्षण मिळते व उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी आढळतात. म्हणूनच व्रणांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाकडे आपण अधिक लक्ष दिले पाहिजे.

आता खरोखर दुर्मिळ अशा मंडळींचा थोडक्यात परिचय करून देतो. १९२४ साली फ्रान्सच्या दारिये व फेराँ यांनी त्वचेच्या खालच्या थरातून उद्भवणाऱ्या, अतिशय सावकाश वाढणाऱ्या एका तंतुमय अर्बुदाचे वर्णन केले. ते बहुधा धडावर होते, पण शिरावरही होते. वरून ते एखाद्या जुन्या वणासारखे दिसते, आतून मात्र वडाच्या पारंब्यांसारखे सर्व बाजूंस पसरलेले असते. त्यामुळे वरचेवर कापून काढले की पुन्हा उगवते. १९६४ साली लंडनच्या विल्सन जोन्स यांनी वृद्धांच्या शिरावर व चेहऱ्यावर होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या एका घातक अर्बुदाचे विवेचन केले. ते मुक्या मारासारखे, काळेनिळे दिसते, रोगी म्हणतो 'कोठे तरी डोके आपटले असावे', आणि तेवढ्यात महिने निघून जातात. याच विल्सन जोन्स यांनी १९६६ साली याच्या उलट बाजू दाखविली. आवाळूचाच एक वाढीस लागलेला प्रकार भिंगाखाली कर्करोगासारखा भासतो, पण बहुधा तो कर्करोग नसतो. घातकास साधे समजणे हा जसा दोष, तसा साध्यास घातक ठरवून रोग्याचा जीव टांगणीस लावणे हाही दोषच.

१९७२ साली अमेरिकेत सिरिल टोकर यांनी पाच रोग्यांवरून त्वचेच्या आणखी एका आक्रमक कर्करोगाची नोंद केली. लालसर-जांभळी, न दुखणारी, आठवड्यागणिक वाढणारी गाठ, विशेषतः वृद्धांच्या मस्तकावर व मानेवर. त्वचेतील ज्या पेशींचे वर्णन जर्मन शारीरज्ञ मेर्केल याने १८७५ साली केले होते, त्यांच्याशी या कर्करोगाच्या पेशींचे साम्य आढळले, म्हणून मेर्केलचे नाव त्यास लाभले. २००८ साली यांपैकी बहुसंख्य गाठींच्या मुळाशी एक विषाणू असल्याचे पिट्सबर्गच्या संशोधकांनी उघड केले. आणि शेवटी एक इशारा असा की, शिरावरची गाठ कधी कधी शिराची नसतेच. फुप्फुस, मूत्रपिंड, स्तन किंवा कंठग्रंथी यांतील कर्करोगाची दुय्यम गाठ रक्तावाटे येथे येऊन बसते, आणि क्वचित मूळ रोगाची पहिली वर्दी तीच देते.

भिंगाखाली यांपैकी कित्येक एकमेकांसारखे दिसतात. लहान, गोल, गडद पेशींचा थवा दिसला तर तो मेर्केलचा कर्करोग की फुप्फुसातून आलेली दुय्यम गाठ, हे दोन रंगांनी ठरत नाही. येथे १९४१ साली अमेरिकेत कून्स यांनी दाखविलेला मार्ग उपयोगी पडला. विशिष्ट प्रथिनास चिकटणारे प्रतिपिंड घेऊन त्यावर खूण लावावयाची, आणि ती खूण पेशीत कोठे उमटते ते पाहावयाचे. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे निर्माण करण्याची युक्ती काढली, तेव्हा हे साधन सर्वत्र पोहोचले. आता पेशीचे मूळ घराणे विचारता येते. दारियेच्या अर्बुदात तर सतराव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतात, ते शोधून निदान पक्के करता येते, आणि त्याच ज्ञानातून त्यावर औषधही लाभले आहे. परंतु या साऱ्या विद्येचा आरंभ तुकडा नीट घेण्यापासून होतो. वरवर खरवडलेल्या तुकड्यात खोलवरचा रोग येत नाही, आणि रक्तवाहिन्यांच्या अर्बुदाच्या कडा डोळ्यास दिसतात त्याच्या पुष्कळ पलीकडे असतात, म्हणून तेथे अनेक ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात.

आपल्या या भागाचा विचार करता, १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग जबलपूर येथेच एकमेकांस मिळाले. तेव्हापासून येथील असाध्य मानलेला रोगी मुंबईची वाट धरू लागला, आणि टाटा रुग्णालय निघाल्यावर ती वाट अधिकच वाहती झाली. १९४७ साली नागपुरास व १९५५ साली जबलपुरास वैद्यकीय महाविद्यालये निघाली. १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग-नोंदवही सुरू झाली, १९८२ साली राष्ट्रीय नोंदणीचा कार्यक्रम आला. २०१२ पासून टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशभरची कर्करोग-रुग्णालये एका जाळ्यात गुंफली जात आहेत. दुर्मिळ रोगाच्या बाबतीत अशा जाळ्याचे महत्त्व विशेष आहे. जो रोग एखाद्या वैद्याच्या साऱ्या हयातीत एकदाच समोर येतो, तो ओळखण्यास एकाची नजर अपुरी पडते. तेथे अनेकांच्या नजरा एकत्र याव्या लागतात.

येथेच आम्हां बदलीवाल्या लोकांचा प्रश्न उभा राहतो. आज जबलपूर, उद्या इटारसी, परवा कानपूर किंवा गुवाहाटी, असे आपले आयुष्य. सामान बांधताना पितळी भांडी, देव्हारा, मुलांचे दाखले आपण जपून घेतो. एका गावी काढलेल्या गाठीचा कागद मात्र त्याच गावी राहतो. पुढे पाच वर्षांनी तेथेच पुन्हा गाठ उगवली की नव्या गावचा वैद्य विचारतो, 'मागची कसली होती?' आणि आपण म्हणतो, 'साधी होती, काढून टाकली.' या उत्तरास बखरीइतकेच मोल आहे. आम्ही कचेरीत जावक-आवक सांभाळणारी माणसे; नस्तीतील एक पान हरवले तर प्रकरण किती वर्षे लोंबकळते हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. तोच न्याय स्वतःच्या देहास लावावा, एवढेच आमचे म्हणणे. डोक्यावरून काढलेली गाठ, कितीही क्षुल्लक वाटो, तपासणीस पाठविल्याखेरीज टाकू देऊ नये. अहवालाची प्रत आपल्यापाशी ठेवावी. ज्या मेणाच्या ठोकळ्यात तो तुकडा जपलेला असतो, तो आणि काचेच्या पट्ट्या रीतसर मागून घेता येतात. नव्या तज्ज्ञाकडे जाताना त्या बरोबर न्याव्या, कारण त्याच ठोकळ्यातून नवा काप काढून नवी तपासणी करता येते.

आणि महिन्यातून एकदा घरातील वडीलधाऱ्यांच्या डोक्यास तेल लावताना बोटे जरा सावकाश फिरवावी. महिनाभरात न भरणारी जखम, भराभर वाढणारी गाठ, मार न लागता पसरणारा काळानिळा डाग, कठीण लागणारी केसांविना चकती, किंवा जुन्या वणात नव्याने आलेला उंचवटा, यांपैकी काही हाती लागले तर घरगुती लेपांत दिवस न घालविता वैद्य गाठावा. शंभरांतील बहुतेक वेळा ते साधेच निघेल, आणि मग घरात चहाबरोबर हसण्यावारी नेता येईल. ज्या एका वेळी ते साधे नसेल, त्या वेळी लवकर विचारलेला प्रश्न हीच रोग्याची सर्वांत मोठी पुंजी ठरते. डॉ. खानोलकरांच्या पिढीने सूक्ष्मदर्शक या देशात रुजविला, तो केवळ प्रयोगशाळेची शोभा म्हणून नव्हे. त्या भिंगापर्यंत तुकडा पोहोचविण्याचे काम घरच्या माणसांकडेच येते, आणि तेथे त्यांच्या बोटांस दुसरा पर्याय नाही.